गिरणगावचा हुतुतू
चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांत कोकणातून व घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी हुतुतू जिवापाड जपला. त्यास बॅट नको, चेंडू नको. दोहों बाजूंस सात-सात गडी, मऊ जमीन आणि छातीत दम असला की पुरे. यंत्रापुढे जो केवळ हजेरीपटावरील आकडा असे, तो मैदानात नावाने ओळखला जाई. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगास दाखविला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीस पदकाचा मान लाभला. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबू लागले. खेळ जगभर गेला. त्यास जपणारी वस्ती मात्र विखुरली.