दिनविशेष : २४ जुलै
टाळेबंदीतला ‘दिल बेचारा’

रत्नागिरी : २४ जुलै २०२० रोजी ‘दिल बेचारा’ डिस्ने प्लस हॉटस्टारवर प्रदर्शित झाला. वर्गणी न भरलेल्यांनाही तो खुला होता. जॉन ग्रीनच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ या कादंबरीवरून मुकेश छाब्रा यांनी तो दिग्दर्शित केला. नायक सुशांत सिंह राजपूत यांचे चाळीस दिवसांपूर्वी मुंबईत निधन झाले होते. चित्रपटगृहांना टाळे होते. रत्नागिरीकरांनीही तो घरीच पाहिला.

अनेक जण त्या दिवशी सुशांतसाठी रडले आणि चित्रपटातला आजार, म्हणजे कर्करोग, मागे पडला. खरे तर आजच्या प्रेक्षकाने आजाराकडेच पुन्हा पाहावे. १९७८च्या ‘अंखियों के झरोखों से’मध्ये आपल्या सचिन पिळगावकरांसमोर रंजिताची नायिका रक्ताच्या कर्करोगाने जाते, हळुवार आणि देखणी. ‘दिल बेचारा’ची नायिका किझी मात्र ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत कॉलेजला जाते, चिडते, थट्टा करते. सुशांतने साकारलेल्या मॅनीचा पाय हाडाच्या कर्करोगाने गेलेला. हा कर्करोग बहुधा किशोरवयातच गाठतो. मात्र आता पुष्कळदा पाय वाचवता येतो. किझीला झालेला थायरॉईडचा कर्करोग तर तरुणांत बहुतेक वेळा बरा होतो. चित्रपट हे सांगत नाही, म्हणून इथे सांगायचे.

किझी जमशेदपूरहून पॅरिसला जाते. आपल्याकडचे रुग्ण मात्र उपचारांसाठी कोकण रेल्वेने परळला, टाटा रुग्णालयात जातात. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही कर्करोगावर उपचार होतात.