आकाशातली ऊ

दिवाळी तोंडावर आली, की माझ्या वर्गातल्या मुलांचे हात खळीने चिकट होतात. परवा एकाने मोठ्या ऐटीत आकाशकंदील आणला. टांगून पाहतो, तो एका अंगाला कललेला! पोर रडकुंडीला आले. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही फळ्यावर काढलं होतं तस्संच केलं हो!"

ते वाक्य मला लागले, आणि आंरी मिन्ये आठवला.

हा फ्रेंच गृहस्थ विमानांचा वेडा. पण हाताने दांडा आणि पायांनी सुकाणू सांभाळायचे, हा मेळ त्याला काही केल्या साधेना. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. याने विमानच बदलले! पायांना सुट्टी दिली आणि एकच दांडा ठेवला. तो बाजूला नेला की शेपटीचे सुकाणू वळे, आणि पंखांची टोके वर उचललेली असल्यामुळे विमान आपोआप कलून वळण घेई. दांडा मागे ओढला की पुढचा पंख बिजागरीवर तिरपा होई व नाक वर येई. त्याच्या मागे, जवळजवळ खेटूनच, दुसरा पंख. १० सप्टेंबर १९३३ रोजी हे लाकूड-कापडाचे पाखरू उडाले. नाव काय ठेवावे? 'आकाशातली ऊ'! इंग्रजांनी पुढे उवेची पिसू केली.

१९३४ साली मिन्येने पुस्तक लिहिले. ज्याला लाकडी खोके ठोकता येते, त्याला विमानही बांधता येईल, असा त्याचा भरवसा. १९३५ मध्ये पुस्तक इंग्रजीत आले, ऑगस्टात तो स्वतः उवेत बसून इंग्लिश खाडी ओलांडून गेला, आणि लोकांच्या अंगणात करवती वाजू लागल्या.

पण हां हां म्हणता दुःखद वार्ता येऊ लागल्या. नाक खाली गेले की विमान सावरेना. सरळ जमिनीत घुसे. माणसे प्राणास मुकली.

१९३६ मध्ये इंग्लंडात फार्नबरो येथे व फ्रान्समध्येही ही विमाने मोठ्या वातबोगद्यांत तपासली, तेव्हा उलगडा झाला. नाक सुमारे १५ अंशांहून अधिक खाली झुकले, की वैमानिक साहजिकच दांडा ओढी. पुढचा पंख तिरपा होई. पण दोन पंखांमधल्या फटीतून सुटणारी हवा मागच्या पंखाला जास्तच उचली. शेपटी वर, नाक आणखी खाली! जीव वाचवायला जितके ओढावे, तितका मृत्यू जवळ. इंग्लंडात उड्डाणाचे परवाने थांबले.

मिन्ये लबाड नव्हता. त्या यंत्रात तो स्वतः बसत असे. पुढे त्याने रचना सुधारली, १९६५ साली मरेपर्यंत हा ध्यास सोडला नाही, आणि त्या घराण्यातली विमाने आजही हौशी लोक उडवतात. पण आपल्या हाताला जे जमले, ते वाचणाऱ्या प्रत्येक हाताला जमेल, असे त्याने धरून चालले. आम्हा मास्तरांची चूक नेमकी हीच.

मी मुलाला जवळ बसवले. फळ्यावरच्या माझ्या चित्रात वरच्या दोऱ्याची गाठ मध्यावर नव्हतीच! गाठ सरकवली, कंदील सरळ झाला. पोर हसले. मी मात्र उठून आधी फळ्यावरचे चित्र पुसले.