कालवाच्या पोटातली शिदोरी

युरोपातलं चपटं कालव आपली अंडी समुद्रात सोडून देत नाही. आठ-दहा दिवस मादी पिल्लांना शिंपल्याच्या आतच सांभाळते. सुरुवातीला हा पुंजका दुधासारखा पांढरा दिसतो. पिल्लांवर कवच चढू लागलं की तो राखाडी होतो आणि बाहेर पडायच्या वेळी जवळजवळ काळा. यातली किती पिल्लं तगतील, हे आईने आधी काय खाल्लं यावरही ठरतं. एवढी साधी गोष्ट माणसाच्या ध्यानात यायला जवळजवळ शतक लागलं.

1879 साली अमेरिकेत विल्यम ब्रूक्स यांनी चेसापीक उपसागरातल्या कालवांची अंडी काचेच्या भांड्यात फलित केली. पिल्लं निघाली, पण वाढवता आली नाहीत. 1920च्या दशकात न्यूयॉर्कचे विल्यम वेल्स यांनी दुधातली साय काढायच्या यंत्राचा आधार घेतला. पाणी बदलताना त्या यंत्राने इवलाली पिल्लं वेगळी काढली जात, आणि ती हाताळता येईपर्यंत वाढली.

पुढचा प्रश्न खाण्याचा होता. आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावर, पोर्ट एरिनच्या प्रयोगशाळेत मेरी पार्क यांनी एक सोनेरी-तपकिरी सूक्ष्म शैवाल वेगळं काढलं. पिल्लं ते आवडीने खाऊ लागली. हेच ‘आयसोक्रायसिस’ आजही जगभरच्या हॅचऱ्यांमध्ये वाढवलं जातं. इकडे अमेरिकेत मिलफर्डला व्हिक्टर लूसानॉफ यांनी भर हिवाळ्यात कालवं उबदार पाण्यात ठेवून त्यांना अवेळी अंड्यावर आणलं. कालवाचं बीज आता समुद्राच्या हंगामावर अवलंबून राहिलं नाही.

मात्र सगळं लक्ष पिल्लांच्या ताटाकडे होतं. आईच्या ताटाकडे वळायला 1973 उजाडलं. वेल्समधल्या कॉनवीच्या केंद्रात मायकेल हेल्म आणि सहकाऱ्यांनी प्रजनक कालवांना समुद्राच्या पाण्यासोबत वरून शैवालही खाऊ घातलं. पोसलेल्या आयांची पिल्लं जास्त जोमदार निघाली. खाण तशी माती, हे इथे अगदी खरं ठरलं: मादी खाते त्यातली चरबी अंड्यात साठते, आणि स्वतःचं तोंड चालू होईपर्यंत पिल्लाची तीच शिदोरी असते.

ही शिदोरी किती मोलाची, ते 2007 आणि 2008 साली ओरेगॉन राज्यातल्या नेटार्ट्स उपसागराकाठी कळलं. व्हिस्की क्रीक हॅचरीत पॅसिफिक कालवांची पिल्लं टाक्यांमध्ये मोठ्या संख्येने मरू लागली. आधी संशय जिवाणूंवर गेला. खरा दोष पाण्यात होता: खोल समुद्रातून वर आलेलं पाणी नेहमीपेक्षा आम्लतेकडे झुकलेलं होतं. या कालवाचं पिल्लू पहिल्या 48 तासांत, नीट खाऊ लागण्याआधीच, आपलं पहिलं कवच घडवतं. त्यासाठी लागणारी ताकद अंड्यातूनच येते. पाण्याची आम्लता वाढली की तेवढ्याच कवचासाठी जास्त ताकद खर्ची पडते आणि शिदोरी अर्ध्या वाटेत संपते.

हॅचरीवाल्यांनी पाण्यावर सतत नजर ठेवायला सुरुवात केली, त्यात सोडा मिसळला आणि धंदा सावरला. पण बिघडलेल्या पाण्यावर सोडा हा उपाय टाकीपुरता आहे. उघड्या समुद्रातल्या पिल्लाजवळ अंड्यातल्या साठ्याखेरीज काही नसतं. आईच्या आहाराचं मोल मात्र हॅचऱ्यांनी याआधीच ओळखलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2004 साली शिंपलावर्गीय जिवांच्या हॅचऱ्यांसाठी मार्गदर्शक ग्रंथ काढला, त्यात प्रजनक जिवांना कसं पोसावं हे सविस्तर सांगितलं आहे. त्याच्या लेखकांमध्ये पहिलं नाव कॉनवीच्या त्याच मायकेल हेल्म यांचं आहे.