चोवीस पेन्सची रेघ: १९२०चा रुपया आणि आजचा चार्ट

परवा विरारहून अर्नाळ्याला जाणाऱ्या एसटीत शेजारी एक मुलगा बसला होता. मोबाईलवर डॉलर-रुपयाचा चार्ट, त्यावर दोन आडव्या रेघा. मला म्हणाला, "काका, खालची रेघ सपोर्ट. इथं घ्यायचं, वरच्या रेघेला विकून बाहेर पडायचं." मी विचारलं, "पण ही रेघ धरून कोण ठेवतंय?" तो म्हणाला, "मार्केट!" तेवढ्यात अर्नाळा आलं, तो उतरला आणि बोलणं अर्धवट राहिलं. आजचा भाग त्याच्यासाठी.

अर्नाळ्यात होडी कधी काढायची हे भरती-ओहोटीवर ठरतं. उधाण कधी, भांग कधी, हे तिथीवरून कळतं, कारण चंद्राला कुणी फितवू शकत नाही. चलनाच्या चार्टमागे मात्र माणसं असतात, आणि कधीकधी खुद्द सरकार.

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा धडा १९२० साली मिळाला. तेव्हा भाव उलटा सांगायचे, म्हणजे एका रुपयाला किती पेन्स. रेघ खाली गेली की रुपया घसरला. आजच्या डॉलर-रुपयाच्या चार्टवर रेघ वर गेली की रुपया घसरतो. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

१८७० च्या सुमारास रुपया जवळपास २४ पेन्स होता. चांदी स्वस्त होत गेली तशी रेघ उतरत गेली आणि १८९४-९५ ला १३ पेन्सच्या आसपास आली. त्याआधीच, १८९३ मध्ये, सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं होतं. त्या टंचाईने रुपया हळूहळू १६ पेन्सवर चढला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तिथेच राहिला. कुणी तो चार्ट पाहिला असता तर म्हणाला असता, काय भक्कम सपोर्ट आहे! पण ती सपाट रेघ बाजाराची नव्हती. लंडन आणि कलकत्त्यातून हुंड्या विकून सरकार ती सपाट ठेवत होतं.

युद्धात चांदी भडकली. ऑगस्ट १९१७ मध्ये सरकारने दर १७ पेन्स केला, मग १८, २०, २२, २४, २६, आणि डिसेंबर १९१९ ला २८. नुसत्या पायऱ्या! फेब्रुवारी १९२० मध्ये सरकारने रुपयाला दोन शिलिंग सोन्यात, म्हणजे २४ पेन्स सोन्यात, असा दर मान्य केला. तो टिकवण्यासाठी उलट्या हुंड्या विकल्या, जवळजवळ साडेपाच कोटी पौंडांच्या. तरी रुपया घसरतच गेला. सप्टेंबर १९२० च्या अखेरीस सरकारने हात टेकले आणि पुढच्या वर्षी भाव १५ पेन्सच्या आसपास होता.

आता हिशेब बघा. २४ पेन्स दराने पौंडाला १० रुपये पडतात. कापडाच्या आयातदाराने १०० पौंडांचा माल मागवला तर १,००० रुपये. माल बंदरात आला तेव्हा दर १५ पेन्स, म्हणजे पौंडाला १६ रुपये. त्याच मालाला आता १,६०० रुपये. अनेक व्यापाऱ्यांनी २४ पेन्सखाली पैसे द्यायला सरळ नकार दिला. एन्ट्री त्यांनी चढत्या रेघेवर केली होती, एक्झिटचा विचारच केला नव्हता.

याच काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात डॉ. आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. जुलै १९२० मध्ये, रुपया घसरत असतानाच, ते पुन्हा लंडनला शिकायला गेले. रुपयांत बचत करून पौंडांत फी भरायची म्हणजे काय, हे कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्यांचं पुस्तक आलं. त्यात दरांची कोष्टकंच कोष्टकं आहेत, पण त्यांचं लक्ष रेघेपेक्षा रेघेमागच्या कारणावर आहे. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा होतो असं म्हणत. आंबेडकरांनी विचारलं, हा फायदा येतो कुठून? मजुराच्या खिशातून, कारण भाव आधी वाढतात आणि मजुरी मागाहून. माझ्या मते इतकं नेमकं चार्टवाचन आजच्या क्लासवाल्यांतही सापडत नाही.

१९२७ मध्ये दर १८ पेन्सला बांधला. मुंबईचे गिरणीवाले १६ मागत होते, त्यावरून केवढं रणकंदन झालं, ते पुन्हा कधीतरी.

मधली वर्षं सोडून आजकडे येतो. २९ ऑगस्ट २००८ ला राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे सुरू झाले. एक लॉट १,००० डॉलरचा, म्हणजे भाव एक रुपया हलला की लॉटमागे १,००० रुपये इकडचे तिकडे. २०२३ मध्ये डॉलर साधारण ८१ ते ८३.५ रुपयांत फिरत राहिला. त्या मुलासारख्या आडव्या रेघा मीही तेव्हा मारल्या होत्या. त्या पट्ट्यामागे रिझर्व्ह बँकेची डॉलर खरेदी-विक्री होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८७ च्या वर गेला. वरच्या रेघेला विकून बसलेले अडकले, त्यात मीही होतो.

तर बाळा, पुढच्या वेळी रेघ मारलीस की शेजारी दोन गोष्टी लिही: ही रेघ कोण धरतंय, आणि त्याने सोडली तर मी कितीला बाहेर पडणार. आणि ते ॲप रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत आहे का, तेही बघ. ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे.