मेदपुटिका : आकारमान व स्थैर्य

मेदपुटिका (लायपोसोम) : फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थराने थोडे पाणी आत कोंडून घेऊन बनलेली सूक्ष्म, बंद पिशवी. थराची जाडी अवघी ४ ते ५ नॅनोमीटर. पुटिकेचा व्यास मात्र २० नॅनोमीटरपासून कित्येक मायक्रोमीटरपर्यंत असू शकतो. केंब्रिजजवळील बेब्रहॅम येथे १९६१ साली अ‍ॅलेक बँगहॅम यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या रचना आढळल्या.

पाण्यात भिजत घातलेले लेसिथिन (एक फॉस्फोलिपिड) आपण होऊन लहान पुटिका करीत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक सामावलेल्या थोराड पुटिका तेवढ्या होतात, आणि त्या लहान करावयाच्या तर श्राव्यातीत ध्वनीचा मारा करणे किंवा ठराविक छिद्रांच्या पटलातून दाबाने गाळणे, असा काही बाह्य उपाय योजावाच लागतो. व्यास २० ते २५ नॅनोमीटरांवर आला की थराला याहून अधिक वाकविता येत नाही. अशा पुटिकेत एकूण रेणूंपैकी सुमारे दोनतृतीयांश रेणू बाहेरच्या पदरात असतात, आणि या विषम वाटणीचा ताण उतरविण्यासाठी लहान पुटिका परस्परांत विलीन होऊ पाहतात. आकारमान व स्थैर्य यांची निरनिराळी प्रकरणे पाडण्याचा पाठ्यपुस्तकांचा दस्तुर त्यामुळे सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे.

या ओढाताणीतून काढलेल्या वाटेचा महाराष्ट्रातील दाखला परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचा होय. अँफोटेरिसिन-बी हे कवकरोगांवरील प्रभावी, पण मूत्रपिंडास जाचक औषध मेदपुटिकांत भरण्याचे काम तेथे डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या बिमलकुमार बच्छावत यांच्या सहकार्याने केले. त्यातून निघालेले ‘फंगिसोम’ लवणजलातील निलंबनाच्या रूपाने शीतकपाटात ठेवतात, आणि रुग्णास देण्यापूर्वी त्यावर श्राव्यातीत ध्वनीची प्रक्रिया करून पुटिका लहान करतात. लहान पुटिका महिनोन्महिने सांभाळण्याचा बंदोबस्त करण्यापेक्षा त्या गरजेच्या वेळी घडवाव्यात, ही तजवीज मोठ्या मार्मिकपणाची म्हटली पाहिजे. परदेशी ‘अँबिसोम’ने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला : संतृप्त केलेले सोयालेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि विद्युत्‌भारित लिपिड यांच्या १०० नॅनोमीटरांहून लहान पुटिका शर्करेसह सुकवून त्यांची भुकटी केली.

या घटकांची निवड सहेतुक आहे. लिपिडाच्या शृंखला ज्या तापमानाला घट्ट रचना सोडून प्रवाही होतात ते संक्रमण-तापमान डायपामिटॉइल लेसिथिनाचे ४१°, तर डायस्टिअरॉइलचे ५५° से. असते, अंड्यातील लेसिथिन मात्र शून्याखालीही प्रवाहीच राहते. संक्रमणाच्या आसपास थर सर्वांत अधिक गळतो, आणि कोलेस्टेरॉल या संक्रमणाची धार बोथट करून गळती आवरते. सजातीय भारामुळे पुटिका परस्परांना दूर लोटतात. पण पाण्यातील क्षार हा भार झाकून टाकतात, आणि कॅल्शियम तर ऋणभारित पुटिकांना चिकटवून त्यांचे विलीनीकरणही घडविते. वसई तालुक्यातील कळंबच्या किनाऱ्यावरून ओंजळभर समुद्रजल घेऊन त्यात साध्या मेदाम्लांच्या पुटिका करू पाहिल्यास यश येण्याची आशा धरू नये, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सर्वसाधारणपणे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते व ती मेदाम्लांशी संयोग पावून साका बनवितात. अशाच मेदाम्लांचे आवरण असलेल्या आद्य पेशी समुद्रात नव्हे, तर गोड्या पाण्याच्या डबक्यांत उपजल्या असाव्यात, असे मानणाऱ्या पक्षाची भिस्त बरीचशी याच गोष्टीवर आहे.

तर्षणदाबाच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. थराचे क्षेत्रफळ ३ ते ५ टक्क्यांहून अधिक ताणले गेले की तो फाटतो, आणि एकाच दाबाखाली थरातील ताण त्रिज्येच्या प्रमाणात वाढत असल्याने येथे मोठी पुटिका आधी फुटते.

रासायनिक झीज याहून संथ असते. असंतृप्त शृंखलांना ऑक्सिजन कुरतडतो. लेसिथिनाचे जलविघटन पीएच ६.५ च्या सुमारास सर्वांत मंद असते. गोठविताना बर्फाचे स्फटिक थर भेदतात आणि पुटिका एकमेकींवर दाबल्या जातात. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज ही शर्करा थराच्या दोन्ही बाजूंस असेल, तर पाणी निघून गेल्यावरही लिपिडांच्या शीर्षांमधील अंतर ती राखते, आणि भुकटीत पुन्हा पाणी घालताच पूर्वीच्याच आकारमानाच्या पुटिका बहुतांशी परत मिळतात.