दिवाणखान्यातला संगणक

२००६ साली पुण्यातल्या आमच्या घरासाठी मी आलेखाच्या कागदावर एक आराखडा काढला होता. अलीकडे जुन्या फायली चाळताना तो सापडला. दिवाणखान्यात टीव्ही, माळ्यावर संगणक, संगणकात ट्यूनर कार्ड. केबलवाल्याची तार आधी संगणकात येणार आणि तिथून नेटवर्कची तार भिंतीतून टीव्हीकडे आणि आईच्या खोलीकडे जाणार. कोपऱ्यात गणित मांडले होते : सेकंदाला ५ मेगाबिट धरले तर तासाला सव्वादोन गिगाबाइट, म्हणजे २५० गिगाबाइटच्या डिस्कवर सुमारे ११० तासांचे कार्यक्रम.

हा आराखडा प्रत्यक्षात आला. आईची संध्याकाळ स्वयंपाकात जात असे. ती नाटके आणि कीर्तने रात्री दहानंतर सावकाश पाही. साडेसहा वर्षे हे चालले आणि २०१३च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस पडदा निळा झाला. यंत्रात काहीही बिघडले नव्हते. मग काय बिघडले, याचा शोध घेताना मी या यंत्राच्या इतिहासात शिरलो. हा इतिहास वरवर डिस्कांचा आणि तारांचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. घरात शिरलेले चित्र कोणाच्या ताब्यात?

हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स हे घरगुती ध्वनिचित्रमुद्रण यंत्र बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपटसंस्थांनी अमेरिकेत सोनीवर खटला भरला. प्रेक्षक घरी मुद्रण करतो, म्हणजे आमच्या हक्काचा भंग करतो आणि यंत्र विकणारा त्याला साथ देतो, असे त्यांचे म्हणणे. खालच्या न्यायालयात सोनी जिंकली, अपिलात हरली. सर्वोच्च न्यायालयाने युक्तिवाद दोनदा ऐकून १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. विनामूल्य प्रक्षेपित होणारा कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे गैर नाही, हे त्यातले सूत्र. मुलांच्या कार्यक्रमांचे लाडके निवेदक फ्रेड रॉजर्स यांनी या खटल्यात प्रेक्षकांच्या बाजूने साक्ष दिली होती आणि निकालपत्रात तिचा उल्लेख आहे. एका मताचा फरक उलटा पडता, तर पुढची यंत्रे घराघरांत इतक्या सहज पोहोचली नसती.

फितीची जागा डिस्कने घेतली ती १९९९मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत टिवो आणि रीप्लेटीव्ही ही दोन यंत्रे आली. आत हार्ड डिस्क, त्यामुळे चालू कार्यक्रमही थांबवता येई. वस्तुतः हे लहान संगणकच होते, फक्त पेटी बंद. रीप्लेटीव्हीच्या २००१च्या नमुन्यात जाहिराती आपोआप गाळण्याची आणि मुद्रित कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्याला पाठवण्याची सोय होती. वाहिन्या आणि चित्रपटसंस्था लगेच न्यायालयात गेल्या. तिची मालक कंपनी सॉनिकब्लू २००३मध्ये दिवाळखोरीत गेली. डिस्कपर्यंत ठीक होते; डिस्कला नेटवर्क जोडले की भांडण पेटे.

चित्र नेटवर्कवरून वाहून नेण्याची कल्पना मात्र आणखी जुनी आहे आणि तिची एक महत्त्वाची कहाणी पॅरिसजवळच्या एका वसतिगृहात घडली. एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना १९९०च्या दशकाच्या मध्यावर वेगवान नेटवर्क हवे होते. त्यामागचे एक कारण अगदी प्रांजळ होते : संगणकावरचे खेळ. जुने नेटवर्क बदलायला पैसा हवा, आणि पैसा मिळवायला कारण हवे. त्यांनी बुईग या उद्योगसमूहाकडे प्रस्ताव नेला. प्रत्येक खोलीला वेगळी तबकडी आणि वेगळी पेटी देण्याऐवजी एकाच तबकडीवर उपग्रहाचे चित्र घ्यायचे आणि नेटवर्कवरून सगळ्या खोल्यांत सोडायचे. या कामातून व्हिडिओलॅन हा प्रकल्प उभा राहिला. चित्र सोडणारा एक भाग आणि ते दाखवणारा दुसरा. १ फेब्रुवारी २००१ रोजी त्याची प्रणाली मुक्त परवान्याखाली जगाला खुली झाली. दाखवणाऱ्या भागाचे नाव व्हिडिओलॅन क्लायंट, म्हणजेच आपल्या संगणकांवर नारिंगी शंकूच्या चिन्हाने ओळखला जाणारा व्हीएलसी. तो शंकूही विद्यार्थ्यांनी रस्त्यावरून गोळा केलेल्या शंकूंच्या आठवणीतून आलेला.

‘पाठवणारा वेगळा, दाखवणारा वेगळा’ ही विभागणी घरातही फार कामाची ठरली. अमेरिकेत आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२मध्ये मिथटीव्ही लिहायला घेतले. सगळे एकत्र करणारी ज्या पेटीची नुसती चर्चाच चाले, ती दंतकथेतली पेटी खरी करायची, असा त्या नावामागचा विनोद. त्यातही मुद्रण करणारा संगणक एक आणि खोल्याखोल्यांत चित्र दाखवणारे दुसरे. दिवाणखान्यात पंख्याची घरघर नको, म्हणून मी संगणक माळ्यावर ठेवला, तो याच विचाराने. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली. दुसरीकडे काही हौशी प्रोग्रामरांनी एक्सबॉक्स या खेळाच्या पेटीचे कुलूप उघडून तिच्यावर चित्र आणि संगीत दाखवणारी प्रणाली चढवली. तीच २०१४पासून कोडी या नावाने ओळखली जाते. अशा रीतीने नियोजन करणाऱ्याच्या हाती पाच-सहा वर्षांत सगळे सुटे भाग आले.

याच काळात कुलपेही येत होती. डीव्हीडीवरचे सांकेतिक कुलूप उघडणारा प्रोग्राम १९९९मध्ये पसरला. त्यात हात असलेला नॉर्वेचा यॉन योहान्सेन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सवर पाहता यावी, हा त्याच्या बचावाचा गाभा. ऑस्लोच्या न्यायालयाने २००३च्या जानेवारीत त्याला निर्दोष सोडले आणि डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००३मध्येच असा नियम केला की डिजिटल प्रक्षेपणासोबत येणारी एक खूण ओळखून प्रत्येक यंत्राने मुद्रणाला आवर घालावा. ग्रंथालयांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि मे २००५मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. लोकांच्या दिवाणखान्याची बाजू ग्रंथपालांनी लढवावी, हे मला फार बोलके वाटते.

आता आमच्या निळ्या पडद्याकडे येतो. आपल्याकडे केबल प्रसारण टप्प्याटप्प्याने डिजिटल करण्याचा कायदा झाला. मुंबईसह महानगरांना ३१ ऑक्टोबर २०१२ची मुदत होती. पुणे धरून ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ची. त्यानंतर तारेतून येणारे चित्र सांकेतिक झाले. ते उलगडणार सेट टॉप बॉक्स, आणि ट्यूनर कार्डाला ती भाषा कळत नव्हती. अमेरिकेत संगणकात घालण्यासाठी केबल कंपनीचे वेगळे कार्ड मिळे. तसा तोडगा आमच्या केबलवाल्याकडे नव्हता. या बदलाला सबळ कारणे होती : चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या, केबलचालक जोडण्यांची संख्या लपवत असत त्याला आळा बसला. पण याचबरोबर घरातला निर्णयाचा अधिकार एका पेटीत गेला, आणि त्याची चर्चा कुठेच झाली नाही. १९८४चा तो निकाल अमेरिकेचा. पण त्याने निदान प्रश्न उघडपणे विचारला होता. आपल्याकडे उत्तर आधी आले.

आणखी एक गोष्ट. २०२२मध्ये काही महिने व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात उघडत नसे. कारण जाहीर झाले नव्हते. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. वसतिगृहातल्या मुलांनी चित्र मोकळे करण्यासाठी घडवलेले साधन, आणि त्याचाच दरवाजा बंद!

आई आता नाही. माळ्यावरचा संगणक काढून त्याची डिस्क मी नव्या यंत्राला जोडली. २००६ ते २०१३मधली तिची नाटके आणि कीर्तने एकूण एक उघडली, कारण ती साध्या, खुल्या स्वरूपात साठलेली होती. त्यानंतरच्या काळातले तिने सेट टॉप बॉक्समध्ये साठवलेले जे काही होते, ते पेटी बदलताना पेटीबरोबरच गेले.

सध्या मी नवा आराखडा काढतो आहे. पडदा मोठा आहे, डिस्क कित्येक पटींनी मोठी, संगणक हाताच्या पंजाएवढा आणि नि:शब्द. माळ्यावर ठेवण्याची गरज नाही. कागदाच्या कोपऱ्यात मात्र या वेळी गणिताच्या आधी एक अट लिहिली आहे : घरात जे साठेल, ते उद्या कोणाची परवानगी न घेता उघडले पाहिजे.