नाममुद्रेतली जोडी

शाहिरी कवनाच्या अखेरच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव गुंफण्याची जुनी प्रथा असून त्या नावाला नाममुद्रा किंवा नुसते मुद्रा म्हणतात. लावणी छापली जात नसे, ती एका फडातून दुसऱ्या फडात तोंडी फिरे, तेव्हा ती कोणाची हे सांगणारी खूण बहुधा एवढीच असे. फड म्हणजे शाहिराचा गाणारा-वाजविणारा संच, आणि त्यात कवन रचणारा व ते गाणारा या अनेकदा दोन भिन्न व्यक्ती असल्याने काही मुद्रांत दोन नावे शेजारी बसलेली दिसतात. पुण्याचे ‘होनाजी बाळा’ हे नाव या प्रकारातले असून ते एकाच इसमाचे समजणारे वाचक आजही कमी नाहीत.

होनाजी शिलारखाने हा जातीने गवळी, तर बाळा कारंजकर हा शिंपी. पहिल्याने रचावे आणि दुसऱ्याने गावे अशी त्यांची वाटणी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने होनाजीने रागदारीच्या चालींवर लावण्या बांधल्या आणि ढोलकीच्या जागी तबल्याची साथ घेऊन बैठकीच्या लावणीला वळण दिले. ही रचना गळ्यावरच उभी असल्याने बाळावाचून ती कितपत साधली असती याची शंकाच आहे. गाता गाता शेवटचे कडवे आले की बाळाच्या तोंडून आधी मित्राचे नाव निघे आणि त्याला लागूनच स्वतःचे.

1818 मध्ये पेशवाई बुडाली व दरबारी आश्रय संपला. 1844 मध्ये होनाजीचा खून झाल्याचे सांगितले जाते. जोडी अशी संपली, तरी मुद्रेत तिच्या शेवटाला जागा नव्हती, कारण मुद्रा कोण एकत्र आले हे सांगते, कोण दुरावले हे नाही. इंग्लंडमधील गीतकार-गायक जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांनीही, गाणे दोघांपैकी कोणीही लिहिलेले असो, दोघांची नावे जोडून देण्याचा करार पाळला होता. मात्र ताटातुटीनंतर 1971 मध्ये मॅकार्टनीने ‘टू मेनी पीपल’मध्ये टोमणे मारले आणि लेननने ‘हाउ डू यू स्लीप’मध्ये त्यांची सव्याज परतफेड केली. सवाल-जवाबात प्रतिस्पर्ध्याची रेवडी उडविण्यात पटाईत असलेल्या शाहिरीने हे हत्यार घरच्या भांडणात वापरल्याचे ठळक उदाहरण सहसा सांगितले जात नाही, हे नवलच म्हणावे लागेल.

पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई यांच्या बाबतीत तर मुद्रेने जोडीही नोंदविली नाही. रेठरे हरणाक्षचा कुलकर्णी आणि हिवरगावची महार कलावंतीण यांनी एकत्र उभा केलेला फड महाराष्ट्रभर गाजला, परंतु कवनाच्या शेवटी नाव येई ते एकट्या बापूरावांचे. पुढे दोघांत बेबनाव झाला, पवळा 1939 मध्ये व बापूराव 1945 मध्ये वारले, आणि त्या दुराव्याची हकिकत तमासगिरांच्या बोलण्यातच राहिली.

ध्वनिमुद्रिका व बोलपट आल्यावर गीत, संगीत आणि स्वर असे वेगळे रकाने पडले. व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’त (1951) पंडितराव नगरकर होनाजी झाले व भालचंद्र पेंढारकर बाळा, संगीत वसंत देसाई यांचे. त्यातल्या भूपाळीपुढे स्वराच्या रकान्यात लता मंगेशकर व नगरकर यांची नावे येतात आणि गीताच्या रकान्यात ‘होनाजी बाळा’ असे येते. ज्या बाळाचे काम गाण्याचे होते, तो कायमचा कवीच्या रकान्यात जाऊन बसला आहे.